समोरची दोन टोकं

चादरीची दोन टोकं लवंगीच्या हातात होती आणि समोरची दोन जमिनीवर लोळत होती.

"धर की गं!" ती ओरडली आणि मग स्वतःच गप्प झाली. समोर धरायला कोणी नव्हतंच. ड्रायरची घरघर, इस्त्रीच्या वाफेचा फुसकारा आणि टेबलापलीकडे तिच्या जोडीदारणीची, शिडीची, रिकामी जागा. काल नव्हती, परवाही नव्हती. न सांगता घरी बसणाऱ्यांतली शिडी नव्हे. अंगात ताप असला तरी यायची आणि वर म्हणायची, "या मशीनपेक्षा मी थंडच आहे."

हॉस्पिटलच्या तळघरातली ही लाँड्री. वरच्या साऱ्या मजल्यांच्या चादरी इथे मळून यायच्या आणि धुऊन, वाळून, घडी होऊन परत वर जायच्या. घड्यांचं टेबल या दोघींचं. एवढ्या मोठ्या चादरीची घडी एकटीने घालता येत नाही; घातली तर ती घडी नसते, गुंडाळी असते. म्हणून दोघी. एक उंच, किडकिडीत, बोलायला महाकंजूष; तिला सगळे शिडी म्हणायचे. दुसरी टेबलाच्या वर जेमतेम खांदे निघतील एवढी, पण राग सदा नाकाच्या शेंड्यावर, ती लवंगी. ही नावं कोणी ठेवली कोणास ठाऊक, पण ती अशी चिकटली होती की कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर दोघी मागे वळून बघायच्या, कोण आलंय म्हणून.

मशीनच्या आवाजात बोललेलं धड ऐकू येत नसे. मग वर्षानुवर्षांत त्यांनी आपली एक मुकी भाषा केली होती. शिडीने हनुवटी वर केली की चहा. लवंगीने डोळे फिरवले की मुकादम येतोय. बाकी काम हातांचं. टोकं धरायची, झटकायची, अर्ध्यात मोडायची, एकमेकींकडे चालत यायचं आणि शिडीने आपली टोकं लवंगीच्या हातात द्यायची. दिवसभरात किती वेळा बोटाला बोट लागायचं त्याला गणती नव्हती. "नवऱ्याचा हात एवढ्या वेळा धरला असता तर संसार सोन्याचा झाला असता," असं लवंगी म्हणायची आणि शिडी चादरीत तोंड लपवून हसायची.

शिडीची एक खोड होती. ठिगळाची चादर आली की ठिगळ आत जाईल अशीच घडी घालायची. त्यासाठी अख्खी चादर उलटी फिरवायची. लवंगी वैतागायची, "अगं, पसरल्यावर दिसणारच आहे ना ते!" एकदा मशीन बंद पडलं होतं तेव्हा शिडीने त्याचं उत्तर दिलं होतं. "पसरल्यावर माणूस त्याच्यावर झोपतो, मग कुठे दिसतं? आधीच दिसलं तर झोपण्याआधी मन खट्टू होतं." एवढं बोलून ती बहुतेक महिनाभर गप्प बसली होती.

"काय लवंगीबाई, जोडीदारीण कुठाय?" मुकादम दारातून ओरडला.

"मला काय विचारता? मुकादम तुम्ही की मी?"

"रजा नाही, निरोप नाही. मी चार दिवस डोळ्यांवर कातडं ओढून घेईन. पण वरून विचारणा झाली तर मला दुसरी बाई घ्यावी लागेल. मग माझ्या नावाने बोटं मोडू नका."

"घेऊन तर बघा दुसरी!"

"तर मग हिला शोधून आणा," मुकादम म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. पण चादरींचा डोंगर त्यालाही दिसत होता. त्याने इस्त्रीवाल्या भाऊंना हाक मारली आणि शिडीच्या जागी उभं केलं.

भाऊ उंचीला जवळजवळ शिडीएवढे. पण शिडी जेवढी गप्प, तेवढे हे बोलके. पहिली चादर धरली आणि त्यांनी स्वतःच्या गुडघ्याची कथा सुरू केली. घडी झाली, लवंगीने टेबलावर ठेवली, पाहते तो चादर एका बाजूला तोंड वाकडं करून बसलेली. दुसरी तशीच. तिसरी तर विचारूच नका.

"भाऊ, तिरकी धरताय."

"मी सरळच धरलीय बाई. तुमच्याकडे उतार आहे."

"माझ्याकडे? इतकी वर्षं घड्या घालतेय, कधी उतार झाला नाही तो तुम्ही आल्या आल्या झाला?"

"मग मी काय गुडघ्यावर बसू? तेही या गुडघ्यावर?"

"शिडी बसायची का गुडघ्यावर?"

"शिडी वाकायची की!" भाऊंनी चादर खाली सोडली. "कमाल करता. तुम्हाला माहीत नाही? पाय असे फाकवून, कमरेत वाकून, खांदे पाडून उभी राहायची दिवसभर. मी इस्त्रीवरून तिची पाठच बघत आलोय ना. संध्याकाळी सरळ व्हायला तिला भिंत लागायची."

लवंगीला काय दिसायचं? चादरीच्या वर शिडीचा चेहरा, बरोब्बर आपल्या चेहऱ्यासमोर. समोरच्या माणसाची पाठ समोरून कशी दिसणार? आणि ही बया एका शब्दाने बोलली नाही. लवंगीला आधी राग आला, कारण तिला सगळ्यात आधी रागच येत असे. मग तिने भाऊंना उगाचच फैलावर घेतलं.

संध्याकाळी घरी जायच्या ऐवजी ती शिडीच्या खोलीवर गेली. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरचा लाकडी जिना, वर दोन खोल्या, त्यातली एक शिडीची. दाराला कुलूप. खिडकीतली कुंडी मात्र ओली होती. शेजारीण बाहेर आली, हातात तांब्या.

"त्या नाहीत हो. पिशवी घेऊन गेल्या. कुंडीला पाणी घाला म्हणाल्या."

"कुठे गेली?"

"बहिणीकडे जाते म्हणाल्या."

"कोणाच्या बहिणीकडे?"

"त्यांच्याच की! दुसऱ्याच्या बहिणीकडे कोण जातं पिशवी घेऊन?"

लवंगी जिना उतरली तो पाय आपटतच. बहीण! शिडीचा नवरा कधीचा गेला, मूलबाळ नाही, आईबाप नाहीत, हे तिला माहीत होतं. शिडीच्या डब्यात काय असतं, कोणती दाढ दुखते, कोणता डोळा फडफडला की ती घाबरते, सगळं माहीत होतं. आणि एक जिवंत, धडधाकट बहीण ही बाई पोटात ठेवून बसली होती?

"असेल की बहीण," घरी लवंगीचा नवरा म्हणाला. जन्मभर बस चालवून आता तो घरी बसला होता आणि त्याला कशाचीच घाई नव्हती. "चांगलंच झालं. एकटी नाही म्हणायची बिचारी."

"चांगलं काय त्यात? मला सांगितलं नाही ते?"

"तू सांगू देतेस का कोणाला काही? माणूस तोंड उघडेपर्यंत तुझं उत्तर तयार असतं."

हे लवंगीला झोंबलं. पण खरं तर तिला दुसरंच काहीतरी खात होतं. बहिणीकडे जाणारं माणूस कामावर सांगून जातं. त्यात लपवण्यासारखं काय? तिच्या मनात सारखी पाल चुकचुकत होती. रस्त्यात पडली असेल तर? कोणी विचारलं तर ही आपलं नावही धड सांगणार नाही, एवढी घुमी. घास तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला, तेव्हा नवऱ्याने बोलणं थांबवलं आणि तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला. मग लवंगी रडली. चांगली हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने आदल्या दिवशीचा ढीग पाहिला. चादरींचा तो मनोरा एका अंगाला असा कलला होता की कोणत्याही क्षणी लोळण घेईल.

"हे काय आहे?"

"भाऊंना विचारा," लवंगी म्हणाली.

"लवंगीबाईंना विचारा," भाऊ म्हणाले.

मुकादमाने कपाळाला हात लावला. भाऊंना परत इस्त्रीवर पाठवलं आणि लवंगीला पलीकडच्या खोलीत, मळक्या कपड्यांच्या निवडणीवर. इथे वरून बांधलेली गाठोडी यायची. ती सोडायची, चादरी एकीकडे, अभ्रे एकीकडे, फार डागाळलेलं वेगळं. घड्यांच्या टेबलावरून निवडणीवर म्हणजे ओसरीवरून अंगणात काढल्यासारखं. पण लवंगी चकार शब्द बोलली नाही, आणि यामुळे मुकादमाला तिची जास्तच काळजी वाटली.

रबरी हातमोजे घालून ती गाठोडी सोडू लागली. बोळे, चुरगळे, पिळे. मळकी चादर ओढून काढायची, गोळा करायची आणि फेकायची, हीच जगाची रीत. तिची घडी कशाला कोण घालेल? धुवायलाच तर टाकायची असते.

बायकांच्या ऑपरेशन वॉर्डचं गाठोडं तिने सोडलं. बोळा, बोळा, बोळा, आणि मध्ये एक घडी घातलेली चादर.

लवंगीने ती उचलली. लांबीत दोनदा मोडलेली, मग तीन पदर. इथली घडी. वरच्या नर्सा अशी घालत नाहीत, त्या घालतच नाहीत. असेल कोणी नीटनेटकी बाई, असं म्हणत तिने चादर झटकायला उघडली, आणि तिचे हात थांबले. पहिल्या पदराच्या आत ठिगळ होतं. ठिगळाशेजारी एक तपकिरी डाग होता. दोन्ही आत घेतलेले, बाहेरून काही म्हणजे काही दिसणार नाही असे. त्यासाठी अख्खी चादर उलटी फिरवलेली.

असा उपद्व्याप करणारी बाई या जगात एकच होती.

तिने घडी पुन्हा मिटून पाहिली. डावीकडची कड सुईसारखी सरळ, उजवीकडची घसरलेली. एका हाताने घातलेली घडी. दुसरा हात चालत नसावा. लवंगी तिथल्याच गाठोड्यावर मटकन बसली.

"अगं बाई, तू वरच आहेस होय," ती म्हणाली. मशीनच्या आवाजात तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

हातमोजे काढले, हात कोपरापर्यंत खसाखसा धुतले. लाँड्रीच्या माणसांना वर मज्जाव नव्हता, पण कोणी जात नसे. वरच्यांनी खालच्यांची तोंडंही पाहिलेली नसत. म्हणून तिने टेबलावरची, भाऊंच्या काळातली, एक धुतलेली चादर हातावर घेतली. चादर घेऊन जाणाऱ्या बाईला हॉस्पिटलात कोणी अडवत नाही. भाऊ विचारत होते, "कुठे निघालात?" ती जिना चढत होती.

वॉर्डच्या दारात एका तरतरीत नर्सने मात्र हात आडवा केला.

"आता भेटायची वेळ नाही. कोण तुम्ही? कोणाकडे?"

"उंच आहे बघा. किडकिडीत. बोलत नाही."

"तुम्ही कोण त्यांच्या?"

लवंगीची जीभ आयुष्यात पहिल्यांदा अडखळली. कोण म्हणून सांगावं? एका टेबलाची? समोरची? "मी... खालची," ती म्हणाली.

"खालची? म्हणजे बहीण ना!" नर्सचा हात खाली आला. "मग आधी सांगायचं. पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, खाली माझी बहीण आहे, पण तिला कळवू नका, ती फार आरडाओरडा करेल. कोपऱ्यात, खिडकीशी आहेत. ओरडू नका हं."

कालपासून जिला मनातल्या मनात लाखोली वाहिली ती सटवी बहीण ही आपणच, हे गिळायलाच लवंगीला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

शिडी खिडकीशी पडली होती. केस विस्कटलेले, गाल आत गेलेले, उजवा हात उशीवर ठेवलेला आणि खांद्यापासून छातीपर्यंत पट्ट्या. तिने मान वळवली. लवंगीला पाहिलं. आणि हनुवटी वर केली.

चहा?

"चहा काय विचारतेस मेले!" लवंगी कुजबुजत ओरडली, आणि दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या. "जीव टांगणीला लावलास माझा! काय झालंय? कधी झालं? कुंडीला पाणी घालायला माणूस ठेवलंस आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"हळू," शिडी म्हणाली. मग थांबत थांबत तिने सांगितलं. छातीत गाठ होती. दोन दिवसांत सोडतो म्हणाले होते, म्हणून मी कोणाला बोलले नाही. उघडल्यावर जास्त निघालं. काखेपर्यंत कापावं लागलं. गाठ गेलीय. पण हात खांद्याच्या वर जाणार नाही म्हणतात, पुढे व्यायामाने गेला तर थोडा.

"म्हणून लपवलंस?"

"हात वर न जाणारी बाई घड्यांवर कोण ठेवेल?" शिडी खिडकीकडे बघत म्हणाली. "आणि तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. खाली तू एकटी दोन टोकं धरून उभी आहेस, हे रोज डोळ्यांसमोर येतं."

"एकटी कशाला? भाऊंना दिलंय."

शिडीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा कळा आली. "अरे देवा."

"मुकादमाचं मी बघते. सांगते, बहिणीकडे गेली होती. बहीण जरा डोक्याने कमी आहे, रोज समोर असूनही तिला काही कळत नाही. आता सुधारलीय."

शिडी हसली आणि कळवळली. "हसवू नकोस. टाके ओढतात."

नर्स मागून आली. "चादर आणलीच आहे तर यांची बदलून टाका ना. या उठून बसतात आता, फिरतातही." ती पुढच्या खाटेकडे गेली.

लवंगीने शिडीला कमरेला धरून उभं केलं. जुनी चादर ओढून काढली. हातावरची नवी पुढे केली, तेवढ्यात शिडीची नजर तिच्यावर पडली. तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"ही कोणी घातली?"

"सांगितलं ना, भाऊंनी."

"शोभते. उघड."

लवंगीने चादर झटकून उघडली. शिडीने समोरची दोन टोकं पकडली. तिने विचार केला नव्हता, लवंगीनेही नाही. चादर उघडली की दोन टोकं तिची आणि दोन हिची, एवढंच त्यांच्या हातांना ठाऊक होतं. दोघींनी ताण दिला. शिडीचा डावा हात वर आला, उजवा छातीच्या खालीच थांबला. तिने ओठ चावला आणि तो वर न्यायला गेली. गेला नाही. मग तिने डावाही खाली आणला. चादर उतरली. या वेळी उतार शिडीकडे होता.

शिडीने मान खाली घातली. "बघ," ती म्हणाली.

लवंगीने पाय फाकवले. कमरेत वाकली, मग गुडघ्यांत, खांदे पाडले. आधीच ती केवढी, त्यात आणखी खाली जायचं म्हणजे जवळजवळ बसायचंच. पण चादर सरळ झाली. कड कडेसमोर आली.

"अगं, तुझी कंबर—"

"तुझी एवढी वर्षं काय लोखंडाची होती?" लवंगी म्हणाली. टोकं तिने सोडली नाहीत. "भाऊंनी सांगितलं मला. गप्प धर."

शिडीच्या गालावरून पाणी ओघळून चादरीवर पडलं. मग तिने हलकेच ताण दिला. दोघींनी अर्ध्यात मोडलं. पुन्हा मोडलं. एका ठिकाणी ठिगळ दिसलं, शिडीने डाव्या हाताने चादर फिरवली, आणि लवंगी आयुष्यात पहिल्यांदा न कुरकुरता फिरली. मग एकमेकींकडे चालत आल्या, एक लटपटत, एक वाकून, आणि शिडीने आपली टोकं लवंगीच्या हातात दिली. बोटाला बोट लागलं. बोटं थंड होती. लवंगीने ती जराशी जास्त वेळ धरून ठेवली.

"अहो!" नर्स परत आली होती. "पसरायला सांगितली होती ना? घडी काय घालताय?"

दोघींनी उघड्या खाटेकडे पाहिलं. मग हातातल्या घडीकडे. शिडी काखेशी हात दाबून हसू लागली, टाके ओढले तरी हसत राहिली.

"पसरतो हो," लवंगी म्हणाली. तिने घडी खाटेवर ठेवली आणि तळहाताने दाबून पाहिली. "एक मिनिट. नुसती बघू द्या आधी."

चारी कडा सरळ होत्या. ठिगळ आत होतं.